काटेपिंपळच्या वाघाचा मारेकरी

१

वाघाची चिरफाड करायला या, असा निरोप आला तेव्हा मला आधी हसूच आलं. मी धाडच्या दवाखान्यातला ढोरांचा डॉक्टर. म्हशीचं अडलेलं वासरू, बैलाचा सुजलेला पाय, कोंबड्यांची मरगळ, एवढंच माझं राज्य. पण निरोप घेऊन दारात उभा असलेला मोतीराम नाकेदार पाहिला आणि हसू जिथल्या तिथं राहिलं. हा जंगलखात्याचा शिपाई डोंगरावरच्या काटेपिंपळच्या चौकीवरून पायी आला होता. एरवी वाघाच्या एका पावलावर तासभर बोलणारा माणूस. आज एवढंच म्हणाला,

"डॉक्टरसाहेब, तो गेला. पाणवठ्यावर पडला हाये."

तो म्हणजे कोण, हे विचारायची गरज नव्हती. त्या डोंगरात एकच वाघ उरला होता. बाकीचे बंदुकीनं गेले, काही बहात्तरच्या दुष्काळात गेले, आणि वाघ मारू नये असा कायदा आला तेव्हा राखायला हा एकटाच शिल्लक होता. दर हिवाळ्यात तो जोडीदारीण शोधत हाका मारत हिंडायचा. वारा उतरता असला की त्या हाका धाडपर्यंत येत. माझी बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. एकट्यानं अंथरुणात पडून त्या हाका ऐकणं मला सोसत नसे, मग मी रेडिओ मोठा करायचो.

पाणवठ्यावर पोचलो तर वाघ काठाशी आडवा पडलेला, हनुवटी पाण्याला टेकलेली. तहान लागून आला असावा आणि पाणी पिता पिताच कोसळला असावा. अंगावर एक ओरखडाही नव्हता. जवळच पळसाखाली एक तांबडी गाय मरून पडली होती, मागचा भाग खाल्लेला. मला फार वाईट वाटलं. इतकं देखणं जनावर मी त्याआधी इतक्या जवळून कधी पाहिलं नव्हतं.

वनपाल रंगरावांनी मात्र मी येण्याआधीच निकाल लावून टाकला होता. त्यांच्या जीपमध्ये हात बांधलेला दयाराम बसला होता. डोंगराच्या पायथ्याला बौद्धांची नवी वस्ती आहे, तिथला हा तरुण. गायरानातला एक तुकडा सरकारनं त्याला कसायला दिला होता आणि त्याच्यावर तो आणि त्याची म्हातारी आई जगत होती.

"केस सरळ हाये, डॉक्टर," रंगराव म्हणाले. "गाय याची. वाघानं मारली. याचं डोकं फिरलं अन् यानं मढ्यात कपाशीचं औषध ओतलं. डबा याच्याच झोपडीत सापडला."

"साहेब, डबा तं सगळ्यायच्याच घरात हाये," दयाराम म्हणाला.

"तू चूप राह्य बे! वाघ मारला हाये तू. जेल तं होईनच, पण वरून पट्ट्याचं वावरई गेलं समज."

दयाराम पुढं वाकला. "वावर गेलं तं माय कुठी जाईन, साहेब?"

रंगराव माझ्याकडे वळले. मला म्हणाले, "तुमी फक्त कारण लिहून द्या. विषबाधा."

मी बाह्या सरसावल्या आणि वाघाचं पोट उघडलं. त्याबरोबर एक ओळखीचा वास नाकात शिरला आणि माझा हात थांबला. वाघाच्या पोटातून लसणाचा वास येत होता.

२

"लसूण?" रंगराव हसले. "वाघानं काय चटणीसंगं खाल्ली गाय?"

मी म्हटलं, "कपाशीच्या औषधाला रॉकेलसारखा वास येतो. तो इथं नाही. लसणाचा वास येतो तो उंदरांच्या औषधाला. राखाडी पूड असते. पोटात गेली की असा वास सुटतो. कुत्री मरतात अशी, मी पाहिली आहेत."

गाईच्या मांसात कुणीतरी धारदार हत्यारानं खाचा पाडल्या होत्या, आणि त्यांत ती राखाडी पूड दाबून भरलेली होती. म्हणजे वाघानं आधी गाय मारली, थोडी खाल्ली, तो झाडीत गेला. मग कुणीतरी दिवसाउजेडी येऊन पूड भरली आणि वाघ परत येऊन उरलेलं खाऊन गेला.

"विष ते विष," रंगराव म्हणाले. "दोन्ही ठेवली असतीन यानं."

रंगराव वाईट माणूस नव्हते. पण एकदा मत बनलं की ते बदलणं त्यांना कमीपणाचं वाटे. मी संध्याकाळपर्यंतची मुदत मागितली. अहवालावर सही माझी लागणार होती, म्हणून त्यांना द्यावी लागली.

मी दयारामजवळ गेलो. "गाय इथं आली कशी?"

"ओढाळ होती साहेब. रोज पळून जाये. म्हणून गळ्यात लोढणं बांधलं होतं."

लोढणं म्हणजे पळपुट्या जनावराच्या गळ्यात अडकवलेला लाकडाचा ओंडका. चालताना तो पायांत येतो आणि जनावर लांब जात नाही. पण या गाईच्या गळ्यात लोढणं नव्हतं. आजूबाजूलाही कुठं पडलेलं नव्हतं. पळसाच्या खोडाची साल मात्र दोराच्या घासण्यानं सोललेली होती. म्हणजे गाय भटकत आली नव्हती. कुणीतरी लोढणं काढून तिला इथं आणलं, झाडाला बांधलं आणि वाघापुढं ठेवलं. मी हे मोठ्या उत्साहानं सांगितलं आणि तिथंच फसलो.

"हेच तं!" रंगरावांनी मांडीवर थाप मारली. "घरच्या गाईचं लोढणं घरचाच माणूस काढीन. ती त्याच्याच मागं येईन."

दयारामला सोडवायला निघालो होतो आणि मीच त्याची गाठ आणखी आवळली. बघायला जमलेल्यांत धाडचा कचरू होता. पूर्वी साहेब लोकांच्या शिकारीत हाकारे जमवणारा. कायदा आल्यापासून बेकार, आणि त्याबद्दल वाघावर आणि सरकारवर सारखाच चिडलेला. मी त्याला बाजूला घेऊन विचारलं तर तो उसळलाच.

"जहर घालून? शिकाऱ्याचा हात हाये हा साहेब, चोराचा नाई. अन् मी मारला असता तं कातडं अठी ठेवलं असतं काय?"

ते खरंच होतं. कातडं शाबूत पडलेलं होतं. ज्यानं वाघ मारला त्याला वाघाचं काहीच नको होतं. त्याला वाघ फक्त नको होता.

मग माझी नजर मोतीरामवर गेली. तो गाईकडे पाठ करून उभा होता. आल्यापासून त्यानं तिच्याकडे एकदाही पाहिलं नव्हतं. आणि काठाच्या ओल्या मातीवर त्यानं करवंदीची एक मोठी फांदी तोडून टाकली होती. कुणी तिकडं वळलं की तो आडवा होई. काय झाकत होता हा?

मी काही न बोलता गाईशी वाकलो. वाघ मागून खायला लागतो, त्यामुळे डोकं जसंच्या तसं होतं. कपाळावर रक्ताचा सुकलेला डाग. मी सवयीनं तो अंगठ्यानं पुसला. लाल निघालं आणि खालून पिवळं दिसलं.

रक्त पिवळं नसतं. ते हळदकुंकू होतं.

३

दयारामची आई भिमाबाई झोपडीपुढं नुसती बसून होती. मी जयभीम म्हटलं, तिनं हात जोडले आणि पहिला प्रश्न तोच विचारला, "वावर जाईन काय हो साहेब?"

"बघू," मी म्हटलं. "भिमाबाई, गाईला शेवटचं हळदकुंकू कधी लावलंत?"

तिला प्रश्नच कळला नाही. मग कळला तेव्हा ती त्याही परिस्थितीत थोडी हसली.

"आमी गाय पुजत नाई, बाप्पा. छप्पन साली नागपूरले जाऊन आलो, तवापासून पूजाअर्चा सोडली. चारा घालतो, पाणी पाजतो, अंगावरून हात फिरवतो. तेवढंच तिले पायजे बी असते."

"आणि ती पळून जायची कुठं?"

"वर. तिले वरचीच ओढ लागल्ती. लोढण्यासकट चढे. दुपारी जाये, दिवस कलला का येई. कोणी तरी भाकर घालत असन तिले वर. ढोर उगाच नाई एवढं चढत."

वर काय होतं? वस्तीपासून पाणवठ्यापर्यंत सगळं रान. मध्ये एकच छप्पर. मोतीरामची चौकी.

मी परत चढायला लागलो. वाटेत डोक्यात एकच विचार. मोतीरामला उंदरांचं औषध मिळणं कठीण नव्हतं. पाणवठ्यावर काहीतरी झाकणारा तोच. गाईकडे न बघणारा तोच. पण ज्या माणसानं इतकी वर्षं त्या वाघाला पोरासारखं जपलं तो त्याला मारील? आणि मारायच्या आधी गाईची पूजा कशाला करील?

चौकीच्या दारात कुणीतरी माझीच वाट पाहत असल्यासारखं उभं होतं.

४

ती मोतीरामची बायको, कौशल्याबाई. पस्तिशीची असेल. कपाळाला ठळक कुंकू, अंगावर धुतलेलं लुगडं, अंगण सारवून लखलखीत. पण त्या अंगणात तिच्या पावलांखेरीज दुसऱ्या कुणाचं पाऊल उमटलेलं नव्हतं. मी बसायच्या आधीच तिनं चहाचं आधण ठेवलं आणि ती बोलायला लागली.

"बसा हो डॉक्टरसाहेब. दूध नाई, कोरा चालीन न? तुमच्या घरी कोण कोण हाये? कोणीच नाई? अगंबाई! मंग सैपाक कोण करते? पण तुमच्याकडं माणसं तं येत असतीन. ढोरं घेऊन का व्हईना, पण येतीन. बोलतीन."

मी "हो" म्हणायला तोंड उघडलं की ती पुढं गेलेली असे. माहेर सुलतानपूरचं, सात बहिणी, एका ताटात तिघी जेवत, घरात कानठळ्या बसायच्या. लग्न होऊन इथं आली तेव्हा पहिले काही महिने ती चुलीशी बोलायची. हे तिनं हसत सांगितलं.

"वाघाची भीती नाही वाटली?" मी विचारलं.

"भीती कायची? रोज त्याच पाणवठ्यावरून घागर भरून आणते. दुपारचा तो झाडीत झोपते. त्याले माझं काई नाई अन् मले त्याचं."

मी कप खाली ठेवला. घर किती नीटनेटकं, असं काहीतरी म्हणालो. बोलायचं म्हणून म्हणालो, पण तिनं ते केवढ्या तरी उत्साहानं उचललं.

"उंदीर होते न पह्यले! बियाण्याची पोती फाडत. मंग खात्याकडून औषध आलं, ते घातलं, अन् सगळे गेले. आता रात्री माळ्यावर काईच आवाज नाई." तिनं माळ्याकडे पाहिलं. "तेवढीच खुडबुड होती घरात."

मी उठलो. ती फाटकापर्यंत मागं आली. आणखी एक कप घ्या, थोडं थांबा, ऊन उतरू द्या. फाटकाची कडी लावताना अगदी सहज तिनं विचारलं,

"मंग आता आमाले खाली नेतीन न? वाघच नाई तं चौकी कायले ठेवतीन?"

मी दहा पावलं चाललो असेन आणि वळून त्या फाटकाकडे पाहिलं. मला सगळं समजलं होतं, आणि देवाशपथ सांगतो, ते समजायला नको होतं असं मला वाटलं.

५

पाणवठ्यावर रंगराव कागद तयार ठेवून बसले होते. मी मोतीरामला म्हटलं, बाईंना बोलवा. त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि एकही प्रश्न न विचारता तो गेला. तेवढ्यानंच माझी उरलीसुरली शंका फिटली. त्यालाही ठाऊक होतं.

कौशल्याबाई आली. इतकी माणसं एका जागी पाहून तिनं पदर सारखा केला.

मी रंगरावांना म्हटलं, "दयारामच्या घरी कपाशीचं औषध आहे, उंदरांचं नाही. त्याच्या घरी गाईला कुणी हळदकुंकू लावत नाही. आणि या गाईला कुणीतरी लावलंय, अगदी मरायच्या थोडं आधी. जनावर घरातून कायमचं निघालं की आपल्या बायका त्याला तसंच धाडत नाहीत. विकलेल्या गाईलाही कुंकू लावून घास भरवतात. हा हात बाईचा आहे. गाय ज्या घरी रोज भाकरी खायला जायची, त्या घरातल्या बाईचा. म्हणून लोढणं काढल्यावर गाय मुकाट मागं आली."

रंगराव गोंधळले. "काय बोलून राह्यले तुमी? वहिनी? वहिनीले काऊन—"

"दयारामचं वावर जाणार आहे, बाई," मी तिच्याकडे वळून म्हटलं. "भिमाबाई अजून दारात बसलेली आहे."

ती दयारामच्या बांधलेल्या हातांकडे पाहत राहिली. मग तिनं मान वर केली.

"त्याले सोडा. म्या मारला."

मग ती पुढं बोलली, पण मघासारखी भरभर नाही.

"हे सकायी जात. दिवसभर त्याच्या मागं. घरी आले का त्याचंच. आज अठी बसला, आज तठी पाणी पेला. मी दिवसभर काय केलं, हे यायनं मले एकदाई नाई विचारलं. बदली मांगतली का साहेब म्हणत, वाघ हाये तवर चौकी हाये."

रंगरावांनी नजर खाली वळवली.

"अन् तो बी एकटाच. रातभर हाका मारे, कोणी ओ देत नव्हतं. मले वाटे, आमी दोघंई या रानात कोंडलो. तो सुटला तं मी सुटीन. म्या जवा पूड भरली तवा मले पाप नाई वाटलं. गाईचं वाटलं. एकटी तीच मले भेटाले येत जाये. तिले तशीच कशी नेऊ? घरातून चालली होती न ती."

मला तिचा राग आला आणि त्याच क्षणी तिची इतकी कीव आली की मी चष्मा पुसायच्या निमित्तानं तोंड फिरवलं.

तेव्हा मोतीराम पुढं आला. त्यानं काठावरची करवंदीची फांदी उचलली. खाली ओल्या मातीत पावलं होती. वाघाची गोल, रुंद. आणि त्यांच्या शेजारून गेलेली दुसरी. लहान, लांबट.

"वाघीण आल्ती, कौशल्या," तो म्हणाला. "याच हिवाळ्यात. अजिंठ्याच्या अंगानं. तो हाका मारून मारून थकला अन् ती आली. दोघायले म्या संगं पाणी पेताना पाह्यलं. कोणाले सांगतलं नाई. गोष्ट फुटली का माणसं बंदुका घेऊन येतीन, अशी भीती वाटे. तुलेई नाई सांगतलं."

कौशल्याबाई त्या पावलांकडे बघत होती. तिचा आवाज अगदी बारीक निघाला.

"मले सांगतलं असतं तं मी कोणाले सांगणार होती हो?"

वाघ राखायला सरकारनं कायदा केला, चौकी बांधली, एक माणूस नेमला. त्या माणसाच्या बायकोशी कुणी बोलायचं, हे कुणाच्या मनातही आलं नाही. माझ्याही नाही. मी किती वेळा त्या डोंगराखालून गेलो होतो आणि एकदाही वर चढलो नव्हतो.

रंगरावांनी स्वतः दयारामचे हात सोडले. माफी मागणं त्यांना जमलं नाही. मग ते म्हणाले, वहिनींना बुलडाण्याला न्यावं लागेल. आणि गाईचं मढं आजच जाळावं लागेल, नाहीतर ती वाघीण येऊन खाईल. पाणवठ्यावर पहारा लागेल. म्हणजे मोतीरामनं इथंच राहायचं.

मोतीराम उभा राहिला. एकीकडे जीपमध्ये चढणारी बायको, दुसरीकडे मातीतली ती लांबट पावलं. त्याला कुठलंच पाऊल उचलता येईना.

दयाराम दोरानं वळ उठलेली मनगटं चोळत होता. तो म्हणाला,

"तुमी बाईसंगं जा, मोतीरामभौ. गाय माझी हाये, तिचं मढं मीच जाळतो. वाघिणीले काई होऊ देत नाई. वस्तीवरचे आमी पाळीपाळीनं पहाऱ्याले बसू अठी."

"तू?" रंगराव म्हणाले.

"हाव. तिचा काय कसूर हाये?"

त्यानं लगेच वाळली लाकडं गोळा करायला घेतली. कौशल्याबाईनं जीपमधून त्याला हात जोडले. त्यानं मान हलवली आणि तो आपल्या कामाला लागला.

मोतीराम बायकोशेजारी बसला, मी पुढं रंगरावांजवळ, आणि जीप डोंगर उतरली. धाडला त्या दिवशी बाजार होता. रस्ताभर गाड्या, टोपल्या, बायकांचा गलका, कुणी मिरच्यांच्या भावावरून भांडतंय, कुणी पोराला हाका मारतंय. ड्रायव्हर हॉर्न वाजवत वाट काढायला लागला. मागून कौशल्याबाईचा आवाज आला.

"अठी थोडं थांबा न, साहेब."

"काई घ्याचं हाये काय?" रंगरावांनी विचारलं.

"नाई," ती म्हणाली. "माणसं बोलून राह्यली. थोडं ऐकते."

रंगरावांनी ड्रायव्हरच्या खांद्यावर हात ठेवला आणि त्यानं गाडी बंद केली.